मोडेन, पण किती वाकेन?

जावई पाटावर बसतो, एवढं आम्हांला ठाऊक होतं. पाटाभोवती रांगोळी, शेजारी उदबत्ती, समोर श्रीखंडाची वाटी आणि वर 'अजून एक घ्याच' असा आग्रह, हे चित्र आमच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण जावई पाटावर उभा राहतो, पाट पाण्यावरून सुसाट जातो आणि त्याला पुढून एक मोटारबोट दोरीनं ओढत असते, हा प्रकार बघायला मला वयाच्या ७४ व्या वर्षी थेट फ्लोरिडाला जावं लागलं.

आमची मुलगी आणि जावई ओरलँडोजवळ राहतात. पुण्याच्या पेठांत जसा दर चार घरांनंतर मारुती, तसं मध्य फ्लोरिडात दर चार घरांनंतर तळं. जावईबापू मूळचे वाईचे, पोहायला कृष्णेत शिकलेले; तेव्हा पाण्याची ओढ आधीपासूनचीच. तळ्यात मगरी असतात का, असं आमच्या सौ.नं पहिल्याच दिवशी विचारलं. "असतात ना आई, पण त्या आपल्या वाटेला जात नाहीत," असं त्यांनी इतक्या सहजपणे सांगितलं की ही पुढले आठ दिवस तळ्याकडे पाठ करून बसली. मग मगरीकडे पाठ करून बसणं जास्त धोक्याचं, असं तिचं तिलाच सुचलं आणि ती तळ्याकडे तोंड करून बसू लागली. त्यामुळे जावयांचा खेळ आम्हांला रोज, बिनतिकिटाचा, पहिल्या रांगेतून बघायला मिळाला.

खेळ असा. साडेपाच फूट लांबीची एकच फळी. तिला स्लॅलम स्की म्हणतात. दोन्ही पाय तिच्यावर एकामागे एक, बुटांत अडकवून ठेवायचे. बोट सरळ रेषेत जाते. त्या रेषेच्या डाव्या-उजव्या बाजूंना मिळून सहा बोये तरंगत असतात, प्रत्येक मधल्या रेषेपासून ११.५ मीटर दूर. आपण दोरीला लोंबकळत एकदा इकडच्या, एकदा तिकडच्या बोयाला बाहेरून वळसा घालायचा. सगळा मार्ग २५९ मीटरांचा. कसलेल्या पुरुषांसाठी बोट ताशी ५८ किलोमीटर वेगानं जाते, म्हणजे सहा वळसे १६ सेकंदांत. आम्हांला १६ सेकंदांत चष्मा सापडत नाही.

एवढ्यानं भागत नाही. सहाही बोये जमले की दोरी कापतात. म्हणजे आखूड करतात. १८.२५ मीटरवरून उतरत उतरत दोरी ११.२५ मीटरवर येते, आणि बोया तर ११.५ मीटरवर! म्हणजे दोरी बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर माणसानं पाण्यावर आडवं होऊन स्वतःच्या अंगानं भरून काढायचं. पगार महिनाअखेरपर्यंत पोचत नसे तेव्हा आम्ही जन्मभर हेच केलं, पण आम्हांला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आमच्या जावईबापूंचा मामला अर्थात इतका वरचा नव्हता. ताशी ४९ किलोमीटर, सगळ्यांत लांब दोरी, आणि चौथ्या बोयाशी धप्प! रोज. इतक्या नेमानं की चौथ्या बोयाशी पोचले की सौ. 'नारायण नारायण' म्हणून डोळे मिटायची आणि आवाज झाला की उघडायची.

इथवर सगळं ठीक होतं. पडतो तोच शिकतो. पण एके दिवशी जावई गॅरेजमधून गंभीर चेहऱ्यानं बाहेर आले आणि म्हणाले, "बाबा, माझी स्की मऊ पडलीय."

"कशावरून?"

"आकडा आलाय. मित्राच्या स्कीचा फ्लेक्स २.९५. माझा ३.४०. तरीच चौथ्याला घसरतो!" आणि त्याच दमात त्यांनी जाहीर केलं की आता नवी, ताठ स्की घ्यावी लागणार. किंमत दोन हजार डॉलरांच्या वर. अमेरिकेत गेलेल्या प्रत्येक मराठी सासूप्रमाणे सौ.नं मनातल्या मनात गुणाकार केला आणि दीड लाखाच्या वर गेल्यावर मध्येच सोडून दिला.

जावयाशी वाद घालू नये असा आपल्याकडे दंडक आहे. मी तो २२ वर्षं पाळला. राजकारण झालं, क्रिकेट झालं, पोह्यांत बटाटा की कांदा हेही झालं. मी दर वेळी 'तुमचंही बरोबर आहे' म्हणून बाजूला झालो. पण इथं प्रकरण वेगळं होतं. मी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात ट्रकचे कमानपाटे तपासण्याच्या खात्यात ३४ वर्षं काढली आहेत. लोखंडाची पट्टी दोन टेकूंवर ठेवायची, मध्ये वजन टाकायचं आणि ती किती वाकली ते डायल गेजवर वाचायचं, यावर माझ्या दोन्ही मुलांची शिक्षणं झाली आहेत. कुणी वाकण्याचा आकडा नुसता फेकला की माझ्या अंगात येतं.

तेव्हा आता सांगतोच. आकड्याला गोत्र असतं. ते विचारल्याशिवाय त्याला घरात घेऊ नये.

मी गॅरेजमध्ये गेलो. जावयांनी दोन लाकडी ठोकळ्यांवर स्की आडवी ठेवली होती. ठोकळ्यांमध्ये अंतर ४० इंच. मध्यावर व्यायामाची २० किलोंची वजनं टांगलेली, खाली गेज. गेज म्हणत होतं ३.४० मिलिमीटर. मांडणी झकास होती. मी विचारलं, "मित्रानं टेकूंमध्ये किती अंतर ठेवलं होतं?"

"तेवढंच असेल की!"

'असेल की'! या 'असेल की'नं जगाचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं भूकंपांनी केलं नसेल. अहो, पट्टीचं वाकणं टेकूंमधल्या अंतराच्या घनाच्या पटीत वाढतं. घनाच्या! अंतर दहा टक्क्यांनी वाढलं तर वाक दहा टक्के वाढत नाही, तेहतीस टक्के वाढतो. पट्टी तीच, वजन तेच, माणूस तोच. फक्त ठोकळा सरकला आणि ताठ पट्टी मऊ झाली. दोन बाकांवरचे दोन आकडे शेजारी ठेवून त्यांतला कोण मोठा हे बघणं म्हणजे एकानं फुटांत आणि दुसऱ्यानं सेंटिमीटरांत उंची सांगावी आणि आपण दुसऱ्याला राक्षस समजून पळत सुटावं, तसं आहे.

दुसरा प्रश्न. मोजताना बूट चढवलेले होते का उतरवलेले? बुटांची पट्टी फळीच्या मध्यभागी स्क्रूंनी आवळलेली असते. तिच्या आवळण्यानं फळीचा मधला भाग ताठ होऊ शकतो. मित्रानं काय केलं होतं? "विचारायला हवं."

तिसरा प्रश्न. आकडा फक्त मध्याचा. पण बोयाला वळसा घालताना फळी नुसती मध्ये वाकत नाही. पुढचं टोक वाकतं, मागचं शेपूट वाकतं, आणि दोन्ही सारखी वाकत नाहीत. दोन फळ्यांचे मधले आकडे तंतोतंत जुळतील आणि एकीचं शेपूट मऊ, दुसरीचं कडक असेल. पाण्यावर त्या दोघी सख्ख्या जावांइतक्या वेगळ्या वागतील. मध्याला बोट लावून सगळ्या फळीचा स्वभाव सांगणं म्हणजे पोळी मध्ये चेपून कडा कच्च्या आहेत की नाही ते सांगणं. मोजायचंच तर टोकापासून शेपटापर्यंत ठरावीक अंतरावर, सात-आठ ठिकाणी मोजा. मग फळी बोलायला लागते.

चौथा प्रश्न पीळाचा. फळी वळणात कडेवर कलते, तेव्हा ती वाकते तशी पिळलीही जाते. ओलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावं तशी. गेज खाली ठेवून हा पीळ दिसत नाही. तो वेगळा मोजावा लागतो.

आता कुणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर आकडे हवेतच कशाला? हा दुसरा पंथ. तळ्यावर एक गोरे आजोबा येत. त्यांना मोजमापाचा तिटकारा. स्कीचं शेपूट जमिनीवर टेकवायचं, टोक हातात धरायचं, मध्ये तळहात दाबायचा आणि 'हं' म्हणायचं. झाली परीक्षा! मंडईत हापूसच्या देठाशी अंगठा दाबून 'देवगड आहे' असं सांगणारे आपल्याकडेही असतात; घरी पेटी उघडल्यावर देवगड कुठं जातं ते विचारू नये. हाताला फार तर फार मोठा फरक कळतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा कळत नाही, आणि कालच्या 'हं'ची आजच्या 'हं'शी तुलना तर मुळीच करता येत नाही. तेव्हा मी अंगठेबहाद्दरांच्या बाजूचाही नाही. वाकणं महत्त्वाचं आहेच.

का महत्त्वाचं, ते सांगतो. फळीचा तळ सपाट नसतो, होडीसारखा किंचित बाक असतो. वळणात जोर आला की फळी आणखी वाकते, बाक वाढतो आणि ती आखूड वळसा घेते. मऊ फळी लवकर वळते. पण बोटीमागच्या लाटा कापताना तीच पाण्यात जास्त रुतते, वेग खाते. ताठ फळी सपाट राहते, लाटांमधून सणसणत जाते. पण तिला वाकवायला अंगात वजन आणि नेमकी वेळ साधणारे पाय लागतात. म्हणजे 'ताठ ते चांगलं' हे मुळातच खोटं. 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा माणसाला शोभत असेल, फळीला शोभत नाही. न वाकणारी फळी माणसाला सरळ पलीकडच्या काठावर नेऊन ठेवील. ९० किलोंच्या मित्राला जी फळी बेताची लवचीक वाटते, तीच आमच्या ६५ किलोंच्या जावयांना दगड वाटणार. ते मोठा आकडा बघून हिरमुसले होते. मी म्हणतो, त्यांना थोडी मऊच हवी असेल तर?

आणि मुळात हा खेळ सुरू झाला तो गेजशिवाय. १९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं पिंपाच्या फळ्या बांधून बघितल्या, बर्फावरच्या स्की बांधून बघितल्या, दोन्ही बुडाल्या. मग त्यानं आठ-आठ फुटांच्या पाइनच्या फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या हंड्यात त्यांची टोकं उकळून मऊ केली, वर वळवली आणि तो पाण्यावर उभा राहिला. हंड्याबद्दल आई काय म्हणाली असेल ते कुठल्याही मुलखातल्या आईला ठाऊक आहे. पण त्या पोरानं एक गोष्ट बरोबर केली: प्रत्येक फळी पाण्यावर नेऊन विचारली. गॅरेजमध्ये नाही.

हे सगळं मी जावयांना सांगितलं. त्यांनी ते सासऱ्याचं म्हणून आदरानं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी नवी स्की कुठल्या रंगात मिळते ते बायकोला विचारलं. तेव्हा, वाचकहो, मी एक पाप केलं. रात्री सगळे झोपल्यावर गॅरेजमध्ये गेलो आणि दोन्ही ठोकळे एकेक इंच आत सरकवले. चाळीसाचे अडतीस केले. बस्स.

सकाळी जावयांनी सवयीनं पुन्हा मोजलं. घरभर आरोळी घुमली. "बाबा! २.९२!"

मला वाटलं, आता म्हणतील, ठोकळे कुणी हलवले? छे! आकडा मनासारखा आला की ठोकळ्यांकडे कोण बघतो? पाचच मिनिटांत त्यांच्याकडे कारण तयार होतं. परवा स्की उन्हात राहिली होती, रात्रभर गार हवेत आतला राळेचा थर पुन्हा 'बसला' असणार. आपण माणसं अशी आहोत. आकडा चुकीचा असेल ही शंका घेण्यापेक्षा त्याच्यासाठी नवं विज्ञान शोधून काढणं आपल्याला सोपं वाटतं.

त्या दिवशी ते पाण्यावर उतरले ते छाती काढून. पहिला, दुसरा, तिसरा... चौथ्याशी सौ.नं डोळे मिटले. धप्प झालं नाही. पाचवाही गेला. सहाव्याच्या अलीकडे पडले, पण हसत पडले. बोटीत चढता चढता ओरडले, "ताठ स्कीचा फरक बघितला का बाबा!"

मी हसायला हवं होतं. मला हसू आलं नाही. कारण हा 'ठोकळा सरकला' प्रकार मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होतो.

पहिल्यांदा १९८४ साली, दिवाळीच्या तोंडावर. भोसरीच्या एका छोट्या शेडवाल्यांनी चारशे सुटे पाटे करून आणले होते. मी बाकावर घेतले. एकामागून एक मऊ. वाक पंधरा-सोळा टक्के जास्त. मी सगळा माल परत केला. गृहस्थ वयानं माझ्यापेक्षा मोठे. टोपी हातात धरून म्हणाले, "साहेब, पुन्हा एकदा मोजून बघा. पोलाद तेच आहे, भट्टी तीच आहे." मी म्हणालो, "आकडा बोलतो, मी नाही." हे वाक्य तेव्हा मला फार ऐटबाज वाटलं होतं. तीन आठवड्यांनी बाकाची तपासणी झाली तेव्हा कळलं, साफसफाई करताना टेकू एकेक इंच बाहेर सरकले होते. चाळीसाचे बेचाळीस. पाच टक्के अंतर, सोळा टक्के वाक. पाटे उत्तम होते.

मी टेकू जागेवर आणले, नोंदवहीत सही केली आणि कुणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर माझी बढती अडली असती, असं मला तेव्हा वाटलं. ती शेड पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या नावावर झाली. केवळ माझ्यामुळेच झाली असं नाही; धंद्याला शंभर कारणं असतात. पण त्या शंभरांत एक मी होतो, आणि त्या गृहस्थांच्या घरच्या दिवाळीचा फ्लेक्स कुणी मोजला नव्हता.

रात्री जेवणं झाल्यावर मी जावयांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी भोसरीची, मग गॅरेजची. ते बराच वेळ गप्प बसले. मी मनाशी म्हटलं, २२ वर्षांची पुण्याई गेली. मग ते उठले, टेप घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि अंतर मोजून आले. "अडतीस," म्हणाले, आणि हसायला लागले. पण हसणं थांबल्यावर त्यांनी जे विचारलं ते मला जास्त आवडलं. "बाबा, मग पाचवा बोया कुणी घेतला?"

"तुम्ही घेतलात. फळी परवाचीच होती."

पुढच्या रविवारी मित्राला त्याची स्की घेऊन बोलावलं. त्यानं आपल्या घरी टेकू कुठं ठेवले होते? तर टेबल जेवढं लांब तेवढ्यावर! दोन्ही फळ्या एकाच बाकावर, चाळीस इंचांवर, बूट उतरवून, त्याच वजनानं मोजल्या. फरक मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याचा. नवी स्की रद्द झाली. सौ.नं मगरींना मनोमन नैवेद्य दाखवला.

आता जावयांच्या गॅरेजमध्ये वही आहे. तारीख, टेकूंमधलं अंतर, वजन, बूट आहेत की नाहीत, आणि टोकापासून शेपटापर्यंत आठ आकडे. दर दोन महिन्यांनी तीच फळी, त्याच बाकावर. माझ्या मते आकड्याचा सगळ्यांत प्रामाणिक उपयोग हाच. फळ्या वापरानं थकतात, त्यांचा ताठपणा हळूहळू उतरतो. तो उतरला की नाही, हे तिच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघावं. शेजारणीच्या आकड्याशी नाही. आणि हा नियम फक्त फळ्यांना आहे असं मी म्हणत नाही. पोरांच्या टक्क्यांपासून आमच्या रक्तदाबापर्यंत जो तो आकडा घेऊन अंगावर येतो, त्याला आधी विचारा: बाबा रे, तुझे टेकू कुठं होते?

परतीच्या विमानात मी हे तत्त्वज्ञान सौ.ला ऐकवत होतो. ती शांतपणे शेंगदाणे खात होती. म्हणाली, "मला नवीन काय सांगताय? आपली पत्रिका पहिल्या गुरुजींनी बघितली तेव्हा साडेसतराच गुण जुळले होते. अठराला अर्धा कमी. माझ्या वडिलांनी मग दुसरे गुरुजी गाठले. त्यांच्याकडे चोवीस आले."

"मला हे कुणी कधी सांगितलं नाही!"

"कशाला सांगायचं?" ती म्हणाली, "त्या दुसऱ्या गुरुजींना दक्षिणा जास्त पडली होती. ठोकळे सरकवण्याची."